शाळा लागली, तरी सांभाळण्याची फी का?

इंग्लंडमध्ये चौथा वाढदिवस झाला की येणाऱ्या सप्टेंबरात मूल शाळेच्या रिसेप्शन वर्गात जाते. नोकरदार पालकांना मिळणारे आठवड्याचे 30 अनुदानित तास तिथे संपतात. खर्च मात्र उरतोच. शाळा सव्वातीनच्या सुमारास सुटते, आईबाबा सहाला घरी येतात. मधले तास आणि सुट्ट्या घरी मुले सांभाळणाऱ्या बाईंकडेच जातात. एकट्या बाईंना आठ वर्षांखालची साधारण 6 मुलेच घेता येतात. दोन तासांसाठीही त्यातली एक जागा अडते, म्हणून ताशी दर अनेकदा चढा असतो. 'टॅक्स-फ्री चाइल्डकेअर' खात्यात 8 पौंड भरले की सरकार 2 घालते. हा लाभ शाळकरी मुलांनाही मिळतो. तिकडच्या मराठी पालकांनो, सुट्टीतली फी आणि जागा राखण्याचे पैसे आधीच लेखी ठरवून घ्या.