सिकलसेल असलेलं मूल आणि वॉटर पार्क

आज कोडिंगची सुट्टी. माझी भाची नऊ वर्षांची आहे, सिकलसेलची, एसएस पॅटर्न. आम्ही नागपूरचे, आमच्याकडे हे शब्द घरोघरी माहीत. बाकीच्यांसाठी सांगतो: आई आणि बाबा दोघांकडून सिकलचा जीन आला तर एसएस, म्हणजे आजार. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक.

तर तिला वॉटर पार्कला जायचं होतं आणि ताईचं उत्तर ठरलेलं, नाही. ताईचंही बरोबर. दोन वर्षांपूर्वी पोरगी क्रायसिसमध्ये चार दिवस ॲडमिट होती. पण तेव्हापासून शाळेची एकही सहल तिने केलेली नाही.

आधी आत काय होतं ते बघू. पेशीतला ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, त्याच्या लांब काड्या होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात, पुढे रक्त पोचत नाही, हाडं ठणकतात. हाच क्रायसिस. अंगातलं पाणी कमी झालं की हे चिकटणं वाढतं, आणि थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. वॉटर पार्कमध्ये नेमकं हेच दोन्ही होतं.

म्हणून माझ्या मते राइड किती उंच हा नंतरचा प्रश्न. खरी भीती रांगेची. ओले कपडे, वारा, वीस मिनिटं उभं राहणं. मे महिन्यातही हुडहुडी भरते. शिवाय पाण्यात घाम दिसत नाही, तहान कळत नाही. त्यात या मुलांच्या किडनीला पाणी राखून ठेवता येत नाही, त्यामुळे ती सारखी लघवीला जातात. "कमी पी, सारखं टॉयलेट शोधावं लागतं" असं घरातलं कुणी म्हणालं तर सरळ दुर्लक्ष करा. पाणी वाढवायचंच आहे.

डॉक्टरांना विचारलं. पाणथरी, म्हणजे स्प्लीन, वाढलेली असेल तर पोटावर मार बसेल अशा राइड बंद. तिची वाढलेली नव्हती, तरी उंच स्लाइड आम्ही सोडल्या. बऱ्याच पार्कात बाहेरची बाटली चालत नाही, म्हणून आदल्या दिवशी फोन केला आणि डॉक्टरांची चिठ्ठी नेली. सकाळी पाणी गार असतं, म्हणून दुपारी गेलो, उथळ पूल निवडला. फोनवर पंधरा मिनिटांचा टायमर. वाजला की बाहेर, टॉवेल, कोरडा टी-शर्ट, पाणी. "मामा, अजून एकदाच ना!" हे किती वेळा ऐकलं, विचारू नका. हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल मात्र रोजच्याच वेळेला.

रक्तपेढी असलेलं जवळचं हॉस्पिटल मॅपवर सेव्ह करून ठेवा. दुखायला लागलं तर कोरडं करा, उबदार गुंडाळा, पाणी द्या, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी द्या. पण गोळीआधी ताप मोजा, कारण पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो. १०१ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा पोट एकदम फुगलं असेल, तर थेट हॉस्पिटल. आणि फर्स्ट एडवाला दुखऱ्या पायावर लावायला बर्फ घेऊन आला, तर त्याला नको म्हणा. इथे शेक लागतो.