मोठा कारखाना आणि त्याच्या मागची छोटी शेड

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे परवापरवापर्यंतचे औरंगाबाद, हे राजधानीपण गमावून बसलेले शहर. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, मोगलांनी तिला दख्खनच्या कारभाराचे ठाणे केले आणि १७६३ मध्ये निजामाने आपली राजधानी हैदराबादला हलवली. दरबार गेला, त्याबरोबर गिऱ्हाईकही गेले. हिमरू विणणारे कारागीर राहिले. त्यांच्या मालाला पूर्वीचा उठाव राहिला नाही. १९०० मध्ये रेल्वे आली, पण ती मीटरगेज. मुंबईकडचा माल मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे, आणि ही कटकट थेट १९९० च्या दशकापर्यंत टिकली. अशा गावात कारखाना काढायला कोणी आपणहून येणार नव्हते. त्याला आणावे लागले.

आणण्याची व्यवस्था दोन पायांवर उभी होती. पहिला पाय जमिनीचा. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडची ‘एमआयडीसी’, स्थापन झाले. शेतकऱ्यांकडून जमीन संपादित करायची, रस्ते, वीज आणि पाणी पोचवायचे आणि आखलेले प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे, ही त्याची रीत. उद्योजकाला सातबाऱ्यावरच्या नावांमागे फिरावे लागत नाही, ही सोय वाटते त्याहून मोठी आहे. शहरात आधी रेल्वे स्टेशन आणि चिकलठाणा, मग वाळूज, नंतर शेंद्रा अशा वसाहती झाल्या.

दुसरा पाय सवलतींचा. १९६४ पासून राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू आहे. तिच्यात तालुक्यांचे गट पाडलेले असतात. पुणे-ठाण्याच्या पुढारलेल्या पट्ट्याला फारसे काही मिळत नाही आणि तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त. विक्रीकर माफ होई किंवा गोळा केलेला कर काही वर्षे वापरून नंतर भरता येई. हे एक प्रकारे बिनव्याजी भांडवलच होते. जीएसटी आल्यापासून राज्याच्या वाट्याचा परतावा मिळतो. तेवढ्यासाठी आलेले काही जण सवलत संपली की गाशा गुंडाळतात, हा अनुभव अनेक वसाहतींनी घेतला आहे. सवलत कारखाना आणू शकते. त्याला धरून ठेवायला दुसरे काहीतरी लागते.

ते दुसरे काय, हे वाळूजमध्ये दिसते. स्कूटर बुक करून वर्षानुवर्षे थांबावे लागण्याच्या त्या काळात बजाज ऑटोला पुण्याजवळच्या आकुर्डीखेरीज दुसरा कारखाना हवा होता. तो वाळूजला झाला. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दुचाकीला शेकडो सुटे भाग लागतात आणि ते रोज वेळेवर लागतात. पुण्याहून सव्वादोनशे किलोमीटर टेम्पो धाडण्यापेक्षा भाग बनवणाऱ्यानेच शेजारी येऊन बसणे परवडते. त्याच वर्षी एंड्युरन्स ही कंपनी ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगच्या दोन मशिनांवर औरंगाबादेत सुरू झाली. बजाजला माल देता देता ती वाढली, इतर कंपन्यांना पुरवू लागली, इटली-जर्मनीत कारखाने चालवू लागली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. व्हॅरॉकची सुरुवातही याच गावातली. दोन्हींचे संस्थापक बजाज घराण्याच्या नात्यातले, तेव्हा ही रंकाचा राव होण्याची कथा नव्हे. पण त्यांच्या मागे जी साखळी लागली, तिच्यात नोकरी सोडून शेड टाकणारे फोरमन आणि नुकते डिप्लोमा झालेले तरुणही होते.

अशा शेडमधले काम साधे दिसते. भट्टीत वितळलेले ॲल्युमिनियम डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबाने शिरते, काही सेकंदांत घट्ट होते, डाय उघडते आणि गरम कास्टिंग बाहेर पडते. कडेला आलेली बर कामगार घासून काढतो, भोके पाडतो, गेज लावून पाहतो आणि क्रेट भरतो. दुपारी टेम्पो निघतो. मालाचे पैसे मात्र दोन-तीन महिन्यांनी येतात. तोवर बँकेचे व्याज शेडवाल्याच्या माथी. मोठ्या कंपनीने चार दिवस काम बंद ठेवले की इकडची मशिनेही गप्प. एकाच गिऱ्हाइकावर जगण्याची ही किंमत आहे. तरीही डाय दुरुस्त करणारा, उष्णतेची प्रक्रिया करणारा, मोजमाप तपासून देणारा, सगळे दहा मिनिटांच्या अंतरावर मिळतात, म्हणून पुढचा येणाराही इथेच येतो. चिकलठाण्याचे इंडो-जर्मन टूल रूम आणि वाळूजचे मराठवाडा ऑटो क्लस्टर यांनी या कौशल्याला आधार दिला. शहर सावरले ते या गोतावळ्याने. उद्घाटनाच्या फिती मात्र मोठ्या फाटकावरच कापल्या गेल्या.

शेंद्र्याची गोष्ट तुलनेसाठी पाहावी. २००१ मध्ये स्कोडाने तेथे मोटारी आणल्या. नाव मोठे, गाडी महाग. पण बरेचसे भाग परदेशातून खोक्यांत येत आणि इथे जोडले जात. साहजिकच पुरवठादारांची वाळूजसारखी रांग तिच्यामागे उभी राहिली नाही. पुढे स्कोडाच्या समूहाचे मोठे उत्पादन पुण्याजवळच्या चाकणला एकवटले. व्हिडिओकॉनने तिसरा धडा दिला. चितेगावच्या कारखान्याने हजारो घरे चालवली आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

पैसा शहरात आला, हे मात्र कोणी नाकारणार नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकगठ्ठा १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या आणि देशभर बातमी झाली. त्या मोटारी ज्या रस्त्यांवरून धावल्या त्यांची अवस्था बातमीत नव्हती. उद्योग महापालिकेच्या हद्दीबाहेर वाढले. कामगार बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, वाळूजचे पंढरपूर अशा वस्त्यांत राहिले आणि तिथला कारभार ग्रामपंचायतींकडे राहिला. पाणी जायकवाडीचे, तेच शहराला, तेच उद्योगाला, त्यावरच शेतीचाही हक्क. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली. शहरातल्या नळांना तर कित्येक दिवसांआड पाणी येते. कंपनीचा व्यवस्थापक सहकुटुंब येताना आधी हे विचारतो, मग शाळा आणि विमानांच्या वेळा. इंजिनिअर झालेली मुले पुण्याला जातात, त्याचेही कारण पगारापुरते मर्यादित नाही.

या अनुभवातून ‘ऑरिक’ आखले गेले. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमध्ये शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांचे हे नवे औद्योगिक नगर. वीज-पाण्याच्या वाहिन्या जमिनीखालून, कारखान्यांच्या जोडीला घरे, दवाखाने आणि दुकाने यांची जागा राखलेली. ऑरिक हॉलचे उद्घाटन २०१९ मध्ये झाले. कोरियाच्या ह्योसंगने लवचीक धाग्याचा कारखाना काढला, पण आपल्यामागे इतरांना ओढून आणणारा मोठा उद्योग बराच काळ मिळाला नाही. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने सुमारे वीस हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्याशी सामंजस्य करार केला आणि एथरनेही विजेच्या स्कूटरसाठी बिडकीन निवडले. करार म्हणजे कारखाना नव्हे, हे इथले जुने उद्योजक सहसा विसरत नाहीत. समृद्धी महामार्ग मात्र २०२५ मध्ये मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पूर्ण झाला असून मालवाहतुकीची जुनी अडचण बरीच हलकी झाली आहे.

वाळूजच्या शेडवाल्यांपुढे आता वेगळाच हिशेब आहे. विजेच्या स्कूटरला पिस्टन लागत नाही, कार्ब्युरेटर लागत नाही, सायलेन्सर लागत नाही. बॅटरीची पेटी आणि मोटरचे आवरण मात्र ॲल्युमिनियमचे असते आणि त्यासाठी तीच भट्टी, तीच डाय-कास्टिंगची मशिने उपयोगी पडतात. नवे डाय करून घेण्याचा खर्च ज्यांना पेलतो ते वळू लागले आहेत. ज्यांचे कर्ज जुन्या मशिनांवर अजून फिटायचे आहे, ते पेट्रोलच्या गाड्यांची मागणी आणखी किती वर्षे टिकते याचा अंदाज घेत आहेत.