रेस अडकते तेव्हा : टू-स्ट्रोक गाडीची वायर, स्लाइड आणि कार्बोरेटर

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावांत कपड्याचे ताके आणि सुताचे कोन इकडून तिकडे पोचविण्याचे काम वर्षानुवर्षे छोट्या टू-स्ट्रोक गाड्यांनी केले आहे. लुना, टीव्हीएस एक्सएल, बजाज चेतक ही नावे आपल्या घरातल्या माणसांसारखी झाली. आता नवी टू-स्ट्रोक दुचाकी शोरूममध्ये मिळत नाही. एक्सएल २०१५ साली चार-स्ट्रोकमध्ये आली आणि चेतक या नावाने २०२० पासून विजेची गाडी निघते. तरीही ज्याच्या दारात जुनी गाडी उभी आहे आणि ज्याची रोजी तिच्यावर चालते, तो ती सहजासहजी सोडत नाही. आमचा धंदा कपड्याचा, मिस्त्रीचा नव्हे. पण तीस वर्षे माल पोचवताना या गाडीचे जे दुखणे सर्वांत जास्त पाहिले, ते म्हणजे रेस अडकणे. हँडल सोडले तरी इंजिन ओरडतच राहते.

हे दुखणे साधे समजू नये. गल्ली अरुंद, समोर शाळेतून सुटलेली मुले आणि पुढे-मागे कपड्याची गाठोडी. अशा वेळी गाडी स्वतःहून धावू लागली तर माणसाला विचार करायला दोन क्षणही मिळत नाहीत. म्हणून गाडी जो कोणी चालवतो, मग तो मुलगा असो की दुकानातला कामगार, त्याला आधी एवढे शिकवून ठेवावे. चेतकसारख्या गिअरच्या गाडीचा क्लच लगेच दाबावा आणि इंजिन बंद करावे. इंजिन ओरडेल, ओरडू द्यावे. एक्सएल किंवा लुनाला हाताचा क्लच नाही, म्हणून तिचा स्विच आधी बंद करावा आणि दोन्ही ब्रेक धरावेत. किल्लीने बंद करायची असेल तर ती हँडल लॉक होईपर्यंत फिरवू नये. पुष्कळ जण घाबरून हँडल पुढे-मागे जोराने पिळत बसतात. त्याने वायर सुटली तर सुटते, नाहीतर आणखी घट्ट बसते.

आता कारण कसे ओळखावे ते पाहू. रेस अडकण्याचे दोन प्रकार आहेत आणि दोघांचा इलाज एकमेकांपासून अगदी वेगळा आहे. पहिल्या प्रकारात वायर किंवा कार्बोरेटरमधली स्लाइड खरोखर अडकलेली असते. दुसऱ्यात सगळे जागेवर परत आलेले असते, पण इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढते आणि त्यामुळे रेस उतरत नाही. हा फरक न पाहता स्क्रू फिरवणारे मिस्त्री बरेच आहेत. एका कारागिराने आमच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला नवा कार्बोरेटर बसवायला लावला. दोष निघाला हँडलजवळच्या वायरमध्ये.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण पिळावे आणि झटकन सोडावे. स्लाइड खाली आपटल्याचा ‘टक्’ असा आवाज कार्बोरेटरमधून आला पाहिजे. आवाज आला नाही, किंवा हँडल आळसावल्यासारखे हळू परतले, तर पहिला प्रकार समजावा. आवाज स्वच्छ आला आणि तरीही चालू इंजिनाची रेस उतरत नसेल, तर दुसरा. आणखी एक परीक्षा : गाडी स्टँडवर लावून, इंजिन हळू चालू ठेवून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवावे. वळवताना रेस वाढली तर वायर आखूड पडते आहे किंवा चुकीच्या वाटेने ओढली गेली आहे.

पहिल्या प्रकारात दहापैकी आठ वेळा दोष वायरचाच, हा आमचा तजुर्बा. आपल्या धंद्यात त्याला एक खास कारण आहे. एक्सएलच्या पायाशी आणि हँडलपर्यंत गाठोडी रचली की त्यांचा दाब वायरवर येतो. बाहेरची नळी दुमडते आणि आतली तार त्या दुमडीवर घासत राहते. गाठोडे उतरवून गाडी मिस्त्रीकडे नेली की रेस अगदी ठीक, मिस्त्री म्हणतो काहीच नाही. म्हणून तपासणी माल लादलेला असतानाच करावी. माल बांधताना दोरी वायरच्या वरून कधीही घेऊ नये.

तार वरच्या टोकाच्या शिशाच्या गोळीजवळ तुटू लागते. आधी एक-दोन धागे तुटतात आणि बाहेरच्या नळीत काट्यासारखे रुततात. तुटका धागा दिसला की वायर बदलावी. कापून, वळवून, डाग देऊन चालवणे ही चार रुपयांची बचत फार महाग पडते. वायर कोरडी असेल पण शाबूत असेल, तर वरचे टोक सोडवून कागदाची छोटी चाडी करावी आणि शिलाई मशीनचे पातळ तेल थेंबथेंब सोडून खालून निघेपर्यंत वाट पाहावी. ग्रीस भरू नये. आपल्या गावात हवेत कापसाची रुई उडते. ती ग्रीसला चिकटते आणि महिन्याभरात आतमध्ये बोळा तयार होतो. वायरला थोडी ढील हवी. हँडल दोन-तीन मिलिमीटर मोकळे फिरून मग ओढ लागली पाहिजे. हँडलचे रबर टोकाला घासत नाही ना, हेही याच वेळी पाहावे.

वायर ठीक असेल तर कार्बोरेटर उघडायचा. तो कारखान्यात, मागांच्या शेजारी किंवा कपड्याच्या गोदामात हरगिज उघडू नये. पेट्रोलची वाफ आणि जमिनीवरची रुई, मग एक ठिणगी पुरे. अंगणात, उघड्यावर, इंजिन थंड झाल्यावर आणि पेट्रोलचा कॉक बंद करून काम करावे. विडी ओढणाऱ्याला दूर बसवावे.

एक्सएल-लुनाच्या कार्बोरेटरचे वरचे झाकण उघडले की वायरबरोबर स्प्रिंग, स्लाइड आणि सुई वर येते. स्लाइड म्हणजे धातूची छोटी बादली समजा. ती वर गेली की हवा-पेट्रोल जास्त, खाली आली की कमी. तिच्यावर तपकिरी चिकट थर दिसला तर तो सुकलेल्या पेट्रोलचा आणि ऑइलचा आहे. पेट्रोलात भिजवलेल्या सुती चिंधीने पुसावा. सँडपेपर लावू नये. स्लाइड आपल्या खोबणीत सैल झाली की तिरपी होऊन पुन्हा अडकते. खोल ओरखडे असतील तर स्लाइड बदलावी, स्प्रिंग मऊ पडली असेल तर तीही. कार्बोरेटर इंजिनला बांधणारा पट्टा किंवा नट जास्त आवळला तर त्याचे अंग किंचित दबते आणि स्लाइड त्यात धरली जाते. मजबूत म्हणून आवळायचे आणि मग रेस अडकली म्हणून ओरडायचे, हे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले.

स्लाइड परत बसवताना तिचा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला यावा आणि बाजूची खाच आतल्या खुंटीवर बसावी. उलटी बसली तर ती खाली उतरत नाही आणि किक मारताच इंजिन पूर्ण रेसवर सुटते. म्हणून किक मारण्यापूर्वी पुन्हा तो ‘टक्’ आवाज ऐकावा. चेतकच्या कार्बोरेटरची बनावट वेगळी आहे, स्लाइड सपाट असते. पण कारणे तीच.

आता चोरून येणारी हवा. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले पॅकिंग फाटले, नट सैल झाले किंवा क्रँकचे ऑइल सील गेले, की आत हवा जास्त आणि पेट्रोल कमी जाते. चालू इंजिनाचा चोक थोडा ओढून पाहावा. रेस खाली येऊन स्थिर झाली तर हवेचीच शंका घ्यावी. जोडावर साबणाच्या पाण्याचे थेंब सोडून पाहावेत, थेंब आत ओढले गेले किंवा इंजिनाचा आवाज बदलला की जागा सापडली. हा दोष लांबवू नये. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळते. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जॅम होतो. मग खर्च पॅकिंगचा राहत नाही, बोअरचा होतो. प्लग काढून पाहिला तर साक्ष तिथेही मिळते : विटकरी-तपकिरी रंग चांगला, पांढराफटक म्हणजे हवा जास्त, काळा ओला म्हणजे पेट्रोल जास्त.

काळा प्लग आपल्या गावांत जास्त दिसतो आणि लोक दोष ऑइलला देतात. आधी एअर फिल्टर काढून पाहावा. गाडी रात्रभर मागाच्या शेडमध्ये उभी असते आणि फिल्टरवर रुईची रजई चढते. तो उघड्यावर धुऊन, पूर्ण सुकवून मगच बसवावा. फिल्टर काढून टाकून गाडी पळवणारेही आहेत. तीच रुई मग स्लाइडपाशी आणि इंजिनात जाते.

खालची वाटी उघडली तर फ्लोटची सुई आणि जेट दिसतील. गाडी उभी असताना पेट्रोल टपकत असेल तर कचरा बहुधा त्या सुईखाली असतो. जेटच्या भोकात तार किंवा शिवणाची सुई घालू नये, भोक मोठे झाले की कायमचे झाले. पंक्चरवाल्याच्या हवेने साफ करावे. हवेचा स्क्रू अलगद पूर्ण आत बसवून दीड फेरा बाहेर काढावा आणि पुढचे बारीक काम इंजिन गरम झाल्यावर करावे.

२०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व पॅकिंग त्याने फुगू किंवा कडक होऊ शकतात. म्हणून सणाच्या सुट्टीत किंवा पावसाळ्यात गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे. वाटी रिकामी राहिली तर तो चिकट थर बसत नाही. ऑइल मिसळलेले पेट्रोल डब्यात साठवू नये. कंपनीच्या पुस्तकात दोन टक्के लिहिले असेल तर लिटरला वीस मिलिलिटर, तेही त्या-त्या वेळी मापाने मोजून घालावे.