वाढीव अश्वशक्तीचा हिशेब

यंत्राचे वय वाढले की त्याची किंमत उतरते, हा व्यवहारातील सर्वसाधारण नियम होय. काही थोड्या यंत्रांच्या बाबतीत मात्र तो उलटा फिरतो. सत्तरीच्या व ऐंशीच्या दशकांतील टर्बोचार्जरयुक्त स्पोर्ट्‌स मोटारी या अपवादांत मोडतात. जर्मनीतील पोर्शे कंपनीने १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आपली ९११ टर्बो मांडली, तेव्हा तेलटंचाईची झळ युरोप अजून विसरला नव्हता. बीएमडब्ल्यूच्या २००२ टर्बोचे उत्पादन तर त्या तडाख्यात १,६७२ गाड्यांवरच थांबले. आज अशा गाड्या संग्राहकांच्या हाती आहेत आणि त्यांच्यापुढे प्रश्न उभा आहे तो असा: गाडी मूळ रूपात जपावी, की फेरफार करून तिची शक्ती वाढवावी? वरवर पाहता हा धनिकांच्या हौसेचा प्रश्न वाटेल. वस्तुतः तो किंमत आणि मूल्य यांतील भेदाचा आहे, आणि जुना वाडा वा जुने देऊळ ज्यांच्या हाती आले आहे अशा प्रत्येकाला तो केव्हा ना केव्हा पडतोच.

टर्बोचार्जरची मूळ कल्पना आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याची. तिच्या पेटंटचा इतिहास १९०५ पासून सुरू होतो. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूच्या झोताने एक चक्र फिरवावयाचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरावयाची, हे तिचे तत्त्व. हवा अधिक, म्हणून जळणारे इंधन अधिक, आणि म्हणूनच शक्तीही अधिक. मोहाचे बीज याच रचनेत आहे. साध्या इंजिनाची शक्ती वाढवावयाची तर बहुधा ते उघडावेच लागते. टर्बो इंजिनात मात्र दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची स्प्रिंग बदलली तरी काम भागते. खर्च थोडा आणि फळ तात्काळ!

परंतु ही स्वस्ताई फसवी आहे. पहिल्या ९११ टर्बोचे तीन लिटरचे इंजिन २६० अश्वशक्तीचे होते. १९७८ साली ती शक्ती ३०० वर नेताना खुद्द पोर्शेने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. इंजिनाचे आकारमान ३.३ लिटर केले, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर बसविला आणि ९१७ या शर्यतीच्या गाडीवरून घेतलेले ब्रेक दिले. ज्यांनी यंत्र घडविले त्यांनाही चाळीस अश्वशक्तीसाठी एवढी किंमत मोजावी लागली. केवळ स्प्रिंग बदलणारा मालक तेच फळ फुकटात मागत असतो. हवा दाबली की ती तापते. तापलेले मिश्रण अवेळी पेट घेते. इंधन पुरविणारी यांत्रिक योजना ठराविक हवेच्या हिशेबाने बेतलेली असल्याने तीही अपुरी पडते आणि अखेर पिस्टन जळतात. ते टाळावयाचे तर इंधनयोजना बदला, मग क्लच, मग गिअरबॉक्स, मग ब्रेक, अशी साखळी सुरू होते. शिवाय पैशापलीकडचा एक धोका आहेच. या गाडीचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसविलेले असते. टर्बोची शक्ती क्षणभर रेंगाळून एकाएकी उसळते. वळणावर घाबरून पाय उचलला तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. ‘विधवा करणारी’ हे टोपणनाव तिला उगीच मिळालेले नाही. मोठा टर्बो बसविला की हे रेंगाळणे आणि ही उसळी दोन्ही वाढतात.

एवढे करून खर्च विक्रीच्या वेळी परत येतो काय? बहुधा नाही. नवा ग्राहक प्रथम इंजिनाचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळतो की नाही, हे पाहतो. १९९३ साली आलेल्या टोयोटाच्या सुप्राचे उदाहरण बोलके आहे. तिचे इंजिन इतके भक्कम की असंख्य मालकांनी त्यात फेरफार केले. परिणामी, हात न लावलेली सुप्राच दुर्मिळ झाली आणि तिचाच भाव चढला.

तथापि, म्हणून प्रत्येक फेरफार त्याज्य ठरत नाही. १९७९ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली ती कोलोन येथील क्रेमर बंधूंनी सुधारलेल्या पोर्शे ९३५ ने. आलोइस रूफ यांच्या कारखान्याची पिवळी सीटीआर १९८७ च्या चाचणीत ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेगाने धावली आणि पोर्शेच्या स्वतःच्या ९५९ लाही तिने मागे टाकले. आज अशा सीटीआरला लिलावात लक्षावधी डॉलर मिळतात. चित्रपटात झळकलेली एक नारिंगी सुप्रा २०२१ साली अमेरिकेत साडेपाच लाख डॉलरला गेली, तीही फेरफार केलेलीच होती. मग फरक कोठे पडला? क्रेमर व रूफ यांनी संपूर्ण यंत्राचा विचार केला, आपल्या कामाची जबाबदारी आपल्या नावावर घेतली आणि त्या कामाची नोंद मागे राहिली. सुप्राला चित्रपटाने इतिहास दिला. याउलट, कोणी, केव्हा आणि कशासाठी केला हे सांगता येत नाही, असा फेरफार केवळ खोडाखोड ठरतो.

येथे एक साधी कसोटी लावता येईल. जो बदल पुन्हा मागे घेता येतो, तो मालकाचा अधिकार आहे. जुन्या ९११ चे पुढचे मडगार्ड बोल्टांनी जोडलेले असतात. ते काढून ठेवता येतात व पुन्हा बसविता येतात. मागचे मात्र सांगाड्याशी वेल्डिंगने एकजीव केलेले असतात. रुंद चाकांसाठी तो पत्रा एकदा कापला की मूळ गाडी संपली. चांगले टायर आणि खात्रीचे ब्रेक यांना कोणाचाच आक्षेप असू नये. काढलेला प्रत्येक सुटा भाग जपून ठेवावा आणि केलेले प्रत्येक काम लिहून ठेवावे, एवढेच पथ्य.

गाडी चालवू नये, काचेआड ठेवावी, असा याचा अर्थ नव्हे. न चालविलेल्या गाडीचे रबर सुकते, तेलाची गळती लागते. चालणे हाच यंत्राचा धर्म आहे. परंतु ९११ टर्बोची ती पहिली पिढी आता पुन्हा घडावयाची नाही. आजचा मालक तिचा पहिला नव्हे आणि बहुधा शेवटचाही नव्हे. वाढविलेल्या अश्वशक्तीचा आनंद त्याने अवश्य घ्यावा. मात्र पुढच्या मालकाच्या हाती मूळ गाडी पोहोचण्याची वाट त्याने बंद करू नये.