साखरेचा मेसेज

महिनाअखेरीचं टेन्शन फक्त आपल्यालाच असतं असं वाटतंय? जरा बाल्कनीतल्या कुंडीकडे बघा. तिथेही रोज हिशेब चालू असतो!

पगार एक तारखेला. पंचवीस तारीख आली की हॉटेलिंग बंद, रिक्षाऐवजी बस, आणि आवडलेले शूज ऑनलाइन कार्टमध्येच पडून. खात्यात किती उरलेत यावर आपण काय करायचं ते ठरतं. झाडांचंही सेम असतं. फक्त त्यांची करन्सी साखर, आणि पगार रोजचा, तोही ऊन असेपर्यंतच.

शाळेतलं आठवतंय ना? पान ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर बनवतं आणि झाड त्यावर जगतं. इथपर्यंत सगळ्यांना पाठ. पण खरी गंमत पुढे आहे. झाड ही साखर सतत मोजत असतं, आणि किती भरली त्यावरून त्याच्या पेशींतल्या जीन्स (घालायच्या नव्हेत!) चालू-बंद होतात. म्हणजे साखर हे जेवण तर आहेच, शिवाय तो एक मेसेज आहे.

हे पहिल्यांदा नीट दिसलं ते १९९० मध्ये, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये. हो, हॉस्पिटलमध्येच, तिथे झाडांवर काम करणारी लॅब आहे. जेन शीन या संशोधिकेने मक्याच्या पानातल्या सुट्या केलेल्या पेशींना साखर दिली, तर प्रकाशसंश्लेषणाची जनुकं चक्क थंडावली. डबे भरलेले असताना पुन्हा चूल कोण पेटवणार?

पण हा मीटर वाचतं कोण? संशय होता हेक्झोकायनेज नावाच्या एन्झाइमवर. नाव भारदस्त, काम साधं: ग्लुकोजला फॉस्फेट चिकटवून ते वापरायला तयार करायचं. आपल्या पेशींतही तेच चालतं. शंका अशी होती की हा तर निव्वळ स्वयंपाकी. तो आजारी पडला आणि घरातल्यांना साखर कळेनाशी झाली, यात नवल काय? त्याला निरोप्या कशावरून म्हणायचं?

याचं उत्तर शोधणारा प्रयोग म्हणजे अगदी डिटेक्टिव्ह स्टोरी आहे. अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं किरकोळ तण, पण जगभरच्या प्रयोगशाळांचं लाडकं. त्याचं बी सहा टक्के ग्लुकोजच्या जेलीवर पेरलं तर रोप खुरटतं, धड हिरवंही होत नाही. साखर एवढी असताना पानं कशाला पसरायची, असा त्याचा समज! हेक्झोकायनेज नसलेलं रोप मात्र त्याच जेलीवर मस्त हिरवंगार वाढलं. साखर त्याला 'दिसतच' नव्हती. मग शीन यांच्या टीमने त्या रोपात हेक्झोकायनेज परत घातलं, पण फॉस्फेट चिकटवण्याची ताकद काढून घेऊन. आणि रोपाला साखर पुन्हा कळायला लागली! स्वयंपाक बंद, निरोप चालू. हे २००३ सालचं. तीन वर्षांनी त्याच लॅबने दाखवलं की हेच हेक्झोकायनेज पेशीच्या केंद्रकात शिरतं, दोन भलत्याच खात्यातल्या प्रोटीन्सना सोबत घेतं आणि थेट हिरव्या रंगाशी संबंधित जनुकाच्या स्विचवर जाऊन बसतं. दिवसा नोकरी आणि वर साइड बिझनेस. आपल्यातले कितीतरी हेच करतात की.

ही झाली चैनीची गोष्ट. कडकी आली तर? त्यासाठी दुसरं खातं आहे, केआयएन-१० नावाचं प्रोटीन. साखर घटली की ते जागं होतं आणि सुमारे हजार जनुकांचा कारभार बदलतं: वाढ थांबवा, साठा मोडा, खर्च कमी करा. थोडक्यात, कॉस्ट कटिंग.

आणि बजेटिंग कसं असतं म्हणता? इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमधले प्रयोग वाचून आपल्यातल्या सीए मंडळींनाही घाम फुटेल. दिवसा उरलेल्या साखरेचा अरॅबिडॉप्सिस स्टार्च करून ठेवतं आणि रात्रभर तो एकाच वेगाने खर्च करतं. पहाटेपर्यंत जवळपास ९५ टक्के साठा संपलेला असतो. संशोधकांनी एकदा बारा तासांच्या दिवसाची सवय असलेल्या रोपांचे दिवे आठ तासांतच घालवले. साठा कमी, रात्र लांब. रोपांनी लगेच खर्चाचा वेग कमी केला आणि साठा पहाटेपर्यंत पुरवला! ज्या रोपांचं आतलं घड्याळच पुढे पळत होतं, त्यांची शिल्लक मात्र उजाडण्याआधीच संपली आणि उपासमारीची जनुकं चालू झाली. अॅलिसन स्मिथ, मार्टिन हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलं की रोप चक्क भागाकार करतं: साठा किती, पहाटेला वेळ किती.

घरच्या माहितीतला एक प्रकार: शेंडा खुडला की रोप खालून फुटतं, हे आजीला ठाऊक असतंच. श्रेय इतके दिवस शेंड्यातून खाली येणाऱ्या ऑक्झिन या हार्मोनला दिलं जायचं. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वाटाण्यावर दाखवलं की पहिला इशारा साखरेचा. शेंडा गेला की त्याच्या वाट्याची साखर काही तासांत खालच्या कळ्यांकडे वळते, आणि त्या जाग्या होतात.

आता पैशाची बाजू. कोल्हापूर-सांगलीकडच्या मित्राला विचारा, उसाचा उतारा म्हणजे काय चीज आहे. २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत उसाची एक सोडून बाकी पानं झाकली, तर त्या एकाच पानाने काम वाढवलं. म्हणजे एरवी पानात ताकद असूनही ते हात आखडतं, कारण साखरेला पुढे गिऱ्हाईक नसतं. नुसतं ऊन आणि खत वाढवून भागत नाही ते म्हणूनच.

मग साखरेचा मेसेजच बदलला तर? 'साखर भरपूर आहे' हा निरोप झाडात ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट नावाचा छोटा रेणू पोचवतो आणि त्या कडकीवाल्या खात्याला गप्प बसवतो. पण बाहेरून फवारला तर तो पेशीत शिरत नाही. ऑक्सफर्ड आणि रोथमस्टेडच्या संशोधकांनी त्याला एक वेष्टन चढवलं, जे पेशीत शिरू देतं आणि उन्हात सुटून पडतं. २०१६ मध्ये बंदिस्त जागेतल्या गव्हाचे दाणे त्याने २० टक्क्यांपर्यंत भरले. २०२५ मध्ये मेक्सिको आणि अर्जेंटिनातल्या खऱ्याखुऱ्या शेतांतले निकाल आले: उत्पन्न सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास वाढलं, आणि त्यासाठी फुलोऱ्यानंतर एकच फवारा पुरला.