ड्रोन उड्डाणाची मूलभूत परिभाषा

शेतातील फवारणी, गावठाणांचे मोजमाप, दुर्गम भागातील औषधपुरवठा, पूरस्थितीची पाहणी अशा अनेक कामांसाठी आज ड्रोनचा उपयोग होत आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ग्रामीण भागातील निवासी जमिनींचे सर्वेक्षण ड्रोनच्या साहाय्याने हाती घेण्यात आले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी मणिपूरमधील विष्णुपूर जिल्हा रुग्णालयातून लोकटाक सरोवरातील कारांग बेटावर ड्रोनने लस पोहोचवण्यात आली. रस्त्याने २६ किलोमीटर असलेला हा प्रवास हवाई मार्गाने १५ किलोमीटरचा ठरला आणि सुमारे १२ ते १५ मिनिटांत पूर्ण झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने महिला बचतगटांना १५,००० ड्रोन पुरवण्याच्या योजनेस मंजुरी दिली. 'नमो ड्रोन दीदी' या नावाने ती परिचित आहे.

या योजनेत निवडलेल्या महिलेला १५ दिवसांचे प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली. त्यांपैकी ५ दिवस ड्रोन चालवण्यासाठी आणि १० दिवस खते व कीटकनाशके यांच्या फवारणीसाठी होते. म्हणजे ज्या यंत्रावर एका गटाची उपजीविका अवलंबून राहणार, त्याची भाषा अल्पावधीत आत्मसात करावी लागते. या भाषेतील एखादा शब्द चुकीचा समजला तर लाखो रुपयांचे यंत्र झाडावर आदळू शकते, एखाद्यास इजा होऊ शकते किंवा नकळत कायद्याचा भंग होऊ शकतो. म्हणूनच ही परिभाषा केवळ पाठांतराचा विषय नसून प्रत्येक संज्ञेमागील कारण समजून घेणे आवश्यक आहे.

ड्रोन म्हणजे नेमके काय?

इंग्रजीत 'ड्रोन' या शब्दाचा मूळ अर्थ नर मधमाशी असा आहे. १९३५ साली ब्रिटनमध्ये तोफखान्याच्या सरावासाठी 'क्वीन बी' नावाचे विनावैमानिक विमान वापरात आले. त्यावरूनच पुढे 'ड्रोन' हे नाव रूढ झाले, असे सामान्यतः मानले जाते. कायद्याच्या भाषेत मात्र 'मानवरहित विमान प्रणाली' ही संज्ञा वापरली जाते. यातील 'प्रणाली' हा शब्द महत्त्वाचा आहे. आकाशात उडणारे यंत्र, जमिनीवरील नियंत्रक आणि या दोहोंना जोडणारा रेडिओ संदेशाचा दुवा हे तिन्ही मिळून ही प्रणाली बनते.

भारतात २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम, २०२१ अधिसूचित झाले. या नियमांनी मानवरहित विमानांचे तीन प्रकार मानले आहेत. विमानाप्रमाणे स्थिर पंख असलेली, फिरत्या पात्यांच्या जोरावर उडणारी आणि या दोहोंचा मेळ घालणारी संकरित, असे हे प्रकार होत. स्थिर पंखांचे यंत्र कमी ऊर्जेत दूरवर जाते, परंतु एका जागी थांबू शकत नाही. फिरत्या पात्यांचे यंत्र जागेवर तरंगू शकते, परंतु त्यासाठी सतत ऊर्जा खर्च करते. सर्वेक्षणाचे मोठे क्षेत्र आणि फवारणीचे छोटे शेत यांसाठी वेगवेगळी यंत्रे का निवडली जातात, याचे उत्तर या फरकात आहे.

चार पाती आणि चार हालचाली

प्रशिक्षणार्थीच्या हाती बहुधा चार पात्यांचे ड्रोन दिले जाते. त्यास 'क्वाडकॉप्टर' म्हणतात. त्याची दोन पाती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने व दोन विरुद्ध दिशेने फिरतात. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार पाते एका दिशेने फिरले की यंत्राचा सांगाडा उलट दिशेने फिरू पाहतो. दोन्ही जोड्या परस्परविरुद्ध फिरत असल्याने हा परिणाम एकमेकांस छेद देतो आणि ड्रोन स्थिर राहते.

ड्रोनच्या सर्व हालचाली या चार मोटारींचा वेग कमी-अधिक करून साधल्या जातात. त्यांची नावे पुढीलप्रमाणे आहेत.

थ्रॉटल : चारही मोटारींचा वेग एकत्र वाढवणे वा कमी करणे. उत्थापक बल वजनापेक्षा अधिक झाले की ड्रोन वर चढते, कमी झाले की खाली येते. ही दोन्ही बले समान राहून ड्रोन एका जागी तरंगत राहिले तर त्या स्थितीस 'हॉवर' म्हणतात.

पिच : नाक खाली वा वर झुकणे. मागील मोटारींचा वेग वाढला की नाक खाली झुकते व ड्रोन पुढे सरकते.

रोल : डावीकडे वा उजवीकडे कलणे. डाव्या बाजूच्या मोटारींचा वेग वाढला की यंत्र उजवीकडे कलते आणि त्याच दिशेने सरकते.

यॉ : जागच्या जागी उभ्या अक्षाभोवती वळणे. एकाच दिशेने फिरणाऱ्या जोडीचा वेग वाढवून दुसऱ्या जोडीचा कमी केला की सांगाडा वेगवान जोडीच्या उलट दिशेने वळतो.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. ड्रोन पुढे झुकले की पात्यांच्या रेट्याचा काही भाग पुढे जाण्यासाठी खर्च होतो व वर उचलणारा भाग घटतो. म्हणून केवळ पिच दिल्यास ड्रोन पुढे जाता जाता खाली येऊ लागते. उंची कायम ठेवण्यासाठी थ्रॉटलही वाढवावा लागतो. आधुनिक ड्रोनमध्ये उंची राखण्याचे काम यंत्रणा स्वतः करते. तथापि ही स्वयंचलित सोय बंद पडल्यास हे ज्ञानच उपयोगी पडते.

नियंत्रकावर दोन दांड्या असतात. सर्वाधिक प्रचलित असलेल्या 'मोड २' रचनेत डाव्या दांडीवर थ्रॉटल व यॉ, तर उजव्या दांडीवर पिच व रोल असतात. नवशिक्याची खरी परीक्षा 'ओरिएंटेशन' म्हणजे यंत्राच्या तोंडाच्या दिशेबाबत होते. ड्रोनचे नाक आपल्यापासून दूर असताना उजवी दांडी उजवीकडे नेली की ड्रोन आपल्या उजवीकडे जाते. तेच नाक आपल्याकडे वळलेले असेल तर ते आपल्या डावीकडे जाते, कारण उजवी बाजू ड्रोनची असते, आपली नव्हे. म्हणूनच आधी ड्रोनची पाठ आपल्याकडे ठेवून तरंगण्याचा आणि मग ते आपल्याकडे वळवून उडवण्याचा सराव करणे हितावह ठरते.

यंत्राची ज्ञानेंद्रिये

ड्रोनचा मेंदू म्हणजे 'फ्लाइट कंट्रोलर'. तो दर सेकंदाला शेकडो वेळा यंत्राची स्थिती तपासतो आणि 'इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर' या घटकामार्फत प्रत्येक मोटारीचा वेग ठरवतो. त्यास माहिती पुरवणारे संवेदक पुढीलप्रमाणे आहेत. जायरोस्कोप वळण्याचा वेग मोजतो. अॅक्सेलरोमीटर त्वरण मोजतो. बॅरोमीटर हवेच्या दाबातील फरकावरून उंचीचा अंदाज देतो. मॅग्नेटोमीटर होकायंत्राप्रमाणे दिशा दाखवतो. अमेरिकेची जीपीएस किंवा भारताची नाविक यांसारखी उपग्रहीय प्रणाली स्थान निश्चित करते.

होकायंत्राजवळ लोखंड असल्यास दिशा चुकते. म्हणून लोखंडी पत्र्यावरून वा वाहनाच्या टपावरून उड्डाण करू नये. उपग्रहांचे पुरेसे संदेश मिळण्यापूर्वी उड्डाण केल्यास 'होम पॉइंट' म्हणजे परतीचे ठिकाण चुकीचे नोंदले जाण्याचा संभव असतो.

नियंत्रकाशी संपर्क तुटला अथवा बॅटरी उतरली तर ड्रोनने काय करावे, हे आधीच ठरवून दिलेले असते. त्यास 'फेलसेफ' म्हणतात. त्यातील नेहमीचा पर्याय म्हणजे 'रिटर्न टू होम', अर्थात ठरावीक उंचीवर चढून होम पॉइंटकडे परतणे. ही उंची परिसरातील सर्वांत उंच झाड, मनोरा वा वीजवाहिनीपेक्षा अधिक ठेवावी लागते. परतीची उंची २० मीटर ठेवली आणि वाटेत २५ मीटरचा मनोरा असला तर सुरक्षेसाठी केलेली सोयच अपघातास कारण ठरते. झाडाच्या फांद्यांखाली उडणारे ड्रोन परतीसाठी वर चढू लागले तरी हाच धोका संभवतो. 'जिओफेन्सिंग' म्हणजे आखून दिलेल्या सीमेबाहेर ड्रोन जाऊ न देणारे आभासी कुंपण होय.

बॅटरीचे गणित

बहुतेक ड्रोनमध्ये लिथियम पॉलिमर बॅटरी असते. तिच्यावरील तीन आकडे वाचता येणे गरजेचे आहे. 'एस' हे अक्षर एकसरीत जोडलेल्या घटांची संख्या दर्शवते. प्रत्येक घटाचा सर्वसाधारण दाब ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भारित अवस्थेतील दाब ४.२ व्होल्ट असतो. त्यामुळे ४ एस बॅटरी १४.८ व्होल्टची होते. 'मिलिअँपिअर-तास' हा आकडा साठवणक्षमता सांगतो. 'सी' हा आकडा विद्युतधारा किती वेगाने घेता येईल हे सांगतो. ५,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ५ अँपिअर-तास क्षमतेच्या २० सी बॅटरीतून ५ गुणिले २०, म्हणजे कमाल १०० अँपिअर धारा घेता येते.

ड्रोनला तरंगण्यासाठी १५ अँपिअर धारा लागत असेल तर ही बॅटरी ५ भागिले १५ तास, म्हणजे २० मिनिटे पुरेल. परंतु २० टक्के साठा राखून ठेवल्यास प्रत्यक्षात १६ मिनिटेच उपलब्ध होतात. त्यातही जाताना वारा पाठीशी असेल तर परतताना तो समोरून येतो आणि अधिक ऊर्जा लागते. फुगलेली बॅटरी कदापि वापरू नये. तिला आग लागण्याचा धोका असतो.

वजन आणि वर्गीकरण

ड्रोनने स्वतःव्यतिरिक्त वाहून नेलेल्या भारास 'पेलोड' म्हणतात. तो कॅमेरा असेल, औषधांची पेटी असेल वा फवारणीची टाकी असेल. १० लिटर पाण्याने भरलेली टाकी केवळ पाण्यामुळे १० किलो भार वाढवते. फवारणी होत जाते तसा हा भार घटतो आणि यंत्राची वागणूक बदलते.

नियमांतील वर्गीकरण भारासह कमाल वजनावर आधारलेले आहे. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याहून अधिक व २ किलोपर्यंत सूक्ष्म, २ किलोहून अधिक व २५ किलोपर्यंत लहान, २५ किलोहून अधिक व १५० किलोपर्यंत मध्यम आणि त्यापुढे मोठे असे पाच वर्ग आहेत. रिकाम्या ड्रोनचे वजन पाहून वर्ग ठरवणे ही परीक्षार्थींची नेहमीची चूक होय.

उंची कोणापासून मोजायची?

उंचीच्या दोन संज्ञांमध्ये गल्लत होऊ देता कामा नये. एक म्हणजे भूपृष्ठापासूनची उंची आणि दुसरी म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे जमिनीपासून ६० मीटरवर उडणारे ड्रोन समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर असते. नियमांतील मर्यादा भूपृष्ठापासून मोजल्या जातात. ड्रोनच्या पडद्यावर मात्र बहुधा उड्डाणस्थानापासूनची उंची दिसते. डोंगरकड्यावरून उडवलेले ड्रोन दरीवर गेले की पडद्यावर १०० मीटर दिसत असतानाही खालची जमीन ४०० मीटर खोल असू शकते. उंचीची मर्यादा अशा ठिकाणी अजाणता ओलांडली जाते.

सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहसारख्या ठिकाणी हवा विरळ असते. तेवढेच वजन उचलण्यासाठी तेथे पाती अधिक वेगाने फिरवावी लागतात आणि उड्डाणकाळ घटतो.

आकाशाचे तीन रंग

सप्टेंबर २०२१ मध्ये 'डिजिटल स्काय' या मंचावर देशाचा हवाईक्षेत्र नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात तीन विभाग आहेत. हरित विभागात भूपृष्ठापासून ४०० फूट म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत पूर्वपरवानगीशिवाय उड्डाण करता येते. कार्यरत विमानतळाच्या सीमेपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट म्हणजे सुमारे ६० मीटर आहे. पीत विभागात संबंधित हवाई वाहतूक नियंत्रण प्राधिकरणाची परवानगी लागते. रक्तवर्णी विभागात केवळ केंद्र सरकारच्या परवानगीनेच उड्डाण करता येते. हा नकाशा स्थिर नसतो. तात्पुरते रक्तवर्णी विभागही घोषित होऊ शकतात. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी तो पाहणे आवश्यक ठरते.

चालकाने ड्रोन स्वतःच्या डोळ्यांनी पाहत चालवणे यास 'दृष्टिपथातील उड्डाण' म्हणतात. पडद्यावरील चित्र पाहणे यात मोडत नाही. लोकटाकसारखी दूरची वाहतूक 'दृष्टिपथापलीकडील उड्डाण' या प्रकारात येते. त्यासाठी अधिक काटेकोर व्यवस्था लागते.

प्रत्येक ड्रोनच्या नोंदणीनंतर मिळणारा विशिष्ट ओळख क्रमांक वाहनाच्या क्रमांकासारखा असतो. चालकाच्या परवान्याऐवजी ११ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने 'दूरस्थ वैमानिक प्रमाणपत्र' ही संज्ञा आली. त्यासाठी वय १८ ते ६५ वर्षे, दहावी उत्तीर्ण आणि प्राधिकृत संस्थेतील प्रशिक्षण या अटी ठेवण्यात आल्या. नॅनो ड्रोनसाठी आणि अव्यावसायिक वापरातील सूक्ष्म ड्रोनसाठी या प्रमाणपत्रातून सूट देण्यात आली.

समारोप

या संज्ञा स्वतंत्रपणे पाठ केल्यास विस्मरणात जातात. उड्डाणाच्या क्रमाने त्यांची मांडणी केल्यास मात्र त्या परस्परांशी जोडल्या जातात. प्रथम नकाशा पाहावा, मग वजन व बॅटरी तपासावी, उपग्रहांचे संदेश व होम पॉइंट यांची खात्री करावी, परतीची उंची ठरवावी आणि त्यानंतरच थ्रॉटल वाढवावा. शेताच्या बांधावर नियंत्रक हाती घेऊन उभ्या असलेल्या महिलेला हा क्रम दररोज पाळावा लागतो. तिच्या यंत्राची, आसपासच्या माणसांची आणि तिच्या गटाच्या मिळकतीची सुरक्षितता या मोजक्या शब्दांच्या अचूक आकलनावर अवलंबून असते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही या संज्ञांची व्याख्या लिहिताना तिचे हे प्रत्यक्ष कार्य डोळ्यांसमोर ठेवल्यास उत्तर अधिक नेमके होईल.