जळालेली मोटर रिवाइंडिंगला द्यायच्या आधी

भोसरी-चाकणच्या एमआयडीसीत बहुतेक ठिकाणी गुरुवारी सुट्टी, म्हणजे मेंटेनन्सवाल्यांचा खरा कामाचा वार! जळालेली थ्री-फेज मोटर उघडलीत की वाइंडिंग नीट बघा. ठरावीक अंतरावरचे क्वॉइल काळे आणि मधले चकचकीत असतील, तर एक फेज गेला होता. स्टार जोडणीत दोन फेज जळतात, डेल्टात बहुधा एकच. सगळंच सारखं काळं असेल तर ओव्हरलोड, नाहीतर तुटलेला पंखा.

फेज जातो तो उडालेल्या फ्यूजमुळे, कॉन्टॅक्टरच्या झिजलेल्या पॉइंटमुळे किंवा ढिल्या लगमुळे. ते न शोधता नवी मोटर बसवली, तर तीही जाणार. ओव्हरलोड रिले नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावा. स्टार-डेल्टात रिले डेल्टाच्या आत असेल तर त्या अँपिअरच्या ५८ टक्क्यांना. (हे पॅनलवर लिहून ठेवलेलं क्वचितच दिसतं.)